यहूदाच्या राजासनाचं काय झालं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझा काही गैरसमज झाला असेल तर इथेच लक्षात येईल. तुमच्या ऑफिसातले एक सहकारी, स्वतः बौद्ध, वाचनाची आवड असलेले, सध्या मत्तयाचं शुभवर्तमान वाचत आहेत. डबा खाताना त्यांनी तुम्हाला १९व्या अध्यायातलं २८वं वचन दाखवलं. तिथे येशू शिष्यांना सांगतो की पुनरुत्पत्तीत (सगळी घडी पुन्हा बसेल त्या काळी) मनुष्याचा पुत्र, म्हणजे तो स्वतः, आपल्या गौरवी राजासनावर बसेल, तेव्हा त्याच्यामागे आलेले तुम्हीही बारा राजासनांवर बसून इस्राएलाच्या बारा वंशांचा न्याय कराल. सहकाऱ्यांनी विचारलं, "हे ऐकणाऱ्या बारांत, येशूला पुढे धरून देणारा यहूदा इस्कर्योत होताच ना? मग त्यालाही सिंहासन मिळणार का? नसेल मिळणार, तर तुमच्या प्रभूने दिलेला शब्द मोडला की." तुम्ही घरी येऊन पाळकांना विचारलं. ते म्हणाले, "यहूदाच्या जागी मत्थिया आला, विषय संपला." पण तुमचं समाधान झालं नाही.

समाधान झालं नाही हे बरंच झालं. मत्थियाचं उत्तर चूक नाही, पण ते मधल्या पायऱ्या गाळून एकदम शेवटी पोचतं. गणिताच्या पेपरात नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क मिळत नाहीत, तसं. माणूस बदलला म्हणून अभिवचन कसं काय टिकलं, हा तुमच्या सहकाऱ्यांचा खरा प्रश्न आहे. मी एखाद्याला नाव घेऊन "ही जमीन तुझी" म्हटलं आणि नंतर ती शेजाऱ्याला दिली, तर शेजारी कितीही भला असला तरी मी शब्द फिरवलाच. म्हणून आधी हे तपासायला हवं की अभिवचन बारा व्यक्तींना होतं, की 'बारा' नावाच्या पदाला होतं, की आणखी कशाला. बाकीचं सगळं त्यावर ठरतं.

मी निवृत्त पाळक. सुमारे ३० वर्षं नागपुरात नवा करार शिकवत आलो, कधी तरुण संघात, कधी संडे स्कूलच्या शिक्षकांना, आणि मुख्यतः शुक्रवारी संध्याकाळी लोकांच्या घरी. हे वचन इतक्या वेळा समोर आलं की त्यावर माझंच मत दोनदा बदललं आहे. त्यामुळे खालच्या काही गोष्टी मी ठामपणे सांगेन आणि काही जरा हात राखून. शुभवर्तमानातले शब्द येशूने उच्चारले तसेच्या तसे उतरले आहेत, असं तुम्ही मानत असाल तर एक वाट आहे. मत्तयाने स्मरणातलं बोलणं आपल्या पद्धतीने मांडलं, असं मानत असाल तर थोडी वेगळी. मला दोन्ही वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी पोचता आलं, पण प्रत्येकाला येईलच असं मी म्हणणार नाही.

आधी प्रसंग बघू. श्रीमंत तरुण नुकताच खिन्न होऊन निघून गेलाय. त्याला सगळं विकून ये म्हटलं होतं, ते त्याला झेपलं नाही. लगेच बारांपैकी पेत्र म्हणतो, "आम्ही तर सगळं सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार?" प्रश्न अगदी आपल्यासारखा आहे, हिशेबाचा. त्याला उत्तर म्हणून राजासनांचं बोलणं येतं. मार्काच्या १०व्या अध्यायात हाच प्रसंग आहे, पण तिथे राजासनांचा उल्लेखच नाही. शंभरपट मिळेल, छळही होईल आणि येणाऱ्या युगात सार्वकालिक जीवन, एवढंच. राजासनं फक्त मत्तयात इथे आणि लूकात २२व्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी. ही दोन ठिकाणं शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हा गुंता सुटत नाही. लूकाकडे नंतर येतो.

मत्तयात लगेच पुढचं, ३०वं वचन काय म्हणतं ते तुमच्या सहकाऱ्यांना दाखवा: पहिले असलेले पुष्कळ जण शेवटचे होतील आणि शेवटचे पहिले. त्यामागोमाग द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला, आणि त्याच २०व्या अध्यायात जब्दीच्या मुलांची आई येऊन उजवी-डावी खुर्ची मागते. तेव्हा येशू म्हणतो की ती देणं माझ्याकडे नाही. म्हणजे राजासनांची गोष्ट निघाली रे निघाली की मत्तय लगेच सावधगिरीचा इशारा लावतो. ज्याच्या कानावर हे अभिवचन पडलं, त्याच्याच कानावर "पहिला असशील तरी शेवटचा होऊ शकतोस" हेही पडलं. यहूदाच्याही.

आता माझी फजिती. पाळक म्हणून नवा होतो तेव्हा मेकोसाबागेतल्या एका घरी अभ्यास घेत होतो. हाच प्रश्न आला. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की बारावं राजासन पौलाचं, म्हणजे बारांत नसलेल्या पण नंतर प्रेषित झालेल्या पौलाचं. मत्थियाची निवड पेत्राने घाईत केली, चिठ्ठ्या टाकून. देवाच्या मनात पौल होता. हे मत मी कुठेतरी ऐकलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं, कारण पौल आपला लाडका. चहा झाल्यावर एक सेवानिवृत्त मास्तर जवळ आले. त्यांच्या बायबलात लाल-निळ्या पेन्सिलीच्या इतक्या रेघा होत्या की कोरी जागा शोधावी लागे. प्रेषितांची कृत्ये उघडून पहिल्या अध्यायावर बोट ठेवून म्हणाले, "पाळकसाहेब, पौल मोठा माणूस, त्यात वाद नाही. पण त्याले हे खुर्ची कोणं देल्ली जी?"

मग त्यांनी बोट सरकवत नेलं. वचन २१ आणि २२: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभू वर घेतला गेला त्या दिवसापर्यंत जो सतत आमच्याबरोबर होता, अशांपैकीच एक हवा. पौल या अटीत बसत नाही. मग सहावा अध्याय, दुसरं वचन: "बारा जणांनी" शिष्यांना बोलावलं. त्या वेळी पौल अजून छळ करणाऱ्यांच्या बाजूला आहे, दिमिष्काच्या वाटेवर तो पालटला ते नवव्या अध्यायात आहे. म्हणजे लूक मत्थियाला धरूनच बारा मोजतो. शेवटी १ करिंथ १५. तिथे पौल स्वतः लिहितो की उठलेला प्रभू केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारांना, आणि सर्वांत शेवटी मला. तो स्वतःला बारांच्या बाहेर ठेवतो. मास्तरांनी बायबल मिटलं आणि बिस्कीट चहात बुडवलं. मी त्या दिवसानंतर पौलाला परत त्या खुर्चीवर बसवलं नाही.

त्या १ करिंथ १५:५ मध्ये एक गंमत आहे, जी माझ्या तेव्हा लक्षात आली नव्हती. पुनरुत्थानाच्या दिवसांत यहूदा नव्हता आणि मत्थिया अजून निवडलेला नव्हता. मोजायला गेलं तर अकराच. मत्तय २८:१६ मध्ये स्पष्ट "अकरा शिष्य" लिहिलंय. तरी पौल सरळ "बारा" म्हणतो. त्याच्या काळापर्यंत 'बारा' हे आकड्यापेक्षा नाव झालं होतं. आपल्याला हे समजायला कठीण जाऊ नये. गावगाड्यात आपण बारा बलुतेदार म्हणतो, पण प्रत्यक्ष गावागावांत यादी वेगळी निघते. कुठे अमुक जात त्यात धरतात, कुठे नाही, कुठे एखादं बलुतं रिकामंच असतं. म्हणून कुणी "आमच्या गावात साडेदहा बलुतेदार" म्हणत नाही. इस्राएलाच्या बारा वंशांचंही तेच. लेवीला जमीन नाही, योसेफाचे एफ्राईम आणि मनश्शे असे दोन होतात, आणि प्रकटीकरणाच्या ७व्या अध्यायातल्या यादीत दानाचं नावच गाळलंय. तरी संख्या बाराच. बारा म्हणजे पूर्ण इस्राएल.

आणि इथे इतिहासाची बाजूही आहे. येशूच्या काळात बारा वंश जागेवर नव्हतेच. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन पाडली आणि उत्तरेचे वंश पांगले. त्यामुळे "बारा वंश" म्हणणं हीच एक आशा होती की पांगलेलं घर पुन्हा गोळा होईल. येशूने जवळचे बारा निवडले तेव्हाच ऐकणाऱ्यांना ते कळलं असणार. अभिवचनाचं वजन या घरावर आहे. तिथल्या बारा खुर्च्या घर पूर्ण आहे असं सांगण्यासाठी आहेत.

आता लूक. या भागावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेलाय, म्हणून इथे थोडं थांबतो. लूक २२ मध्ये क्रम असा आहे. भाकर, प्याला, आणि लगेच २१वं वचन: मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. मग शिष्य आपसांत कुजबुजतात की असं करणारा कोण असेल. मग लगेच वाद, आपल्यात मोठा कोण! तो वाद मिटवून येशू म्हणतो, माझ्या परीक्षांमध्ये माझ्याबरोबर टिकून राहिलेले तुम्ही आहात, म्हणून जसं माझ्या पित्याने मला राज्य नेमून दिलं तसं मी तुम्हाला नेमून देतो, आणि तुम्ही राजासनांवर बसून इस्राएलाच्या बारा वंशांचा न्याय कराल. नीट बघा, वंश बारा आहेत, पण राजासनांच्या आधीचा "बारा" लूकात नाही. मत्तयात आहे. लूकाने तो मुद्दाम गाळला, की मत्तयाने घातला, यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत. मला वाटतं, मेजावर धरून देणाऱ्याचा हात असताना "बारा राजासनं" लिहिणं लूकाला जड गेलं असावं. पण हा माझा अंदाज आहे, त्यावर घर बांधू नका.

माझ्या दृष्टीने त्याहून मोठं आहे ते "टिकून राहिलेले तुम्ही". मत्तयात "माझ्यामागे आलेले तुम्ही", लूकात "टिकून राहिलेले तुम्ही". दोन्हीकडे "तुम्ही" या शब्दाला एक विशेषण लागलंय. राजासनाचा हक्कदार नावाने सांगितलेला नाही, वागण्याने सांगितला आहे. यहूदाने ते विशेषण स्वतःच्या हाताने काढून टाकलं.

इथे तुमचे सहकारी लगेच म्हणतील, आणि त्यांनी म्हणावंच, "मग पेत्र? त्याने तर तीनदा नाकारलं. तो कुठे टिकला?" बरोबर. आणि लूकाने हे ओळखलं होतं, कारण राजासनाच्या वाक्यानंतर पुढचंच वाक्य आहे, "शिमोना, शिमोना, सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागून घेतलंय." चाळणीत पेत्र खालीच पडतो. पण त्याच दमात येशू म्हणतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली, आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. पेत्र परत वळला. त्याचं राजासन कुणी काढून घेतलं नाही.

आता तिसरा माणूस, जब्दीचा मुलगा याकोब. प्रेषितांची कृत्ये १२:२, हेरोद राजाने त्याला तलवारीने मारलं. हा हेरोद अग्रिप्पा, तो इ.स. ४४ मध्ये मेला, म्हणजे याकोबाचा वध त्याआधीचा. त्या वेळी मंडळी यरुशलेमेत होती, पेत्र होता, चिठ्ठ्या टाकायची पद्धत माहीत होती. तरी याकोबाच्या जागी कुणाला निवडलं नाही. यहूदाच्या जागी निवडलं, याकोबाच्या जागी नाही. का? याकोब मेला तरी त्याची जागा त्याचीच राहिली. यहूदाची जागा मरणाने रिकामी झाली नव्हती, तो आधीच उठून गेला होता. कृत्ये १:२५ मध्ये प्रार्थनेतले शब्द आहेत की तो "आपल्या जागी" गेला. सेवेची जागा सोडून आपल्या जागी. मला नव्या करारातलं हे सगळ्यात थंड वाक्य वाटतं.

या तिघांना शेजारी ठेवलं की मत्थियाचं उत्तर पायऱ्यांसकट पुरं होतं. पेत्र पडला आणि परतला, जागा त्याची. याकोब मारला गेला, जागा त्याची. यहूदा निघून गेला, जागा दुसऱ्याची.

नागपुरात हे समजावताना लोक "गादी" म्हणतात, आणि तिथे एक घोटाळा होतो. आपल्याकडे गादी चालवायची म्हणजे एक गेला की दुसरा बसतो. वारस नसेल तर संकट. आपल्या शहराला हे चांगलं ठाऊक आहे. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारस न ठेवता वारले आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. मिशनरी स्टीफन हिस्लॉप तेव्हा इथेच होते. त्यामुळे माझ्या वर्गातला कुणीतरी हमखास विचारतो, "मग यहूदाची गादी खालसा झाली का?" पहिली गोष्ट, झाली नाही. पेत्र सुमारे १२० जणांसमोर उभा राहून स्तोत्रातलं वाक्य वाचतो, "त्याचं पद दुसरा घेवो." पण दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: बारांची राजासनं गादीसारखी नाहीत. गादी मरणाने पुढे सरकते, राजासन मरणाने सरकत नाही, कारण ते पुढच्या युगातलं आहे. तिथे बसायचं ते मेल्यानंतर आणि उठल्यानंतर. म्हणून याकोबाला वारस लागला नाही. एकदाच जागा भरली गेली आणि मग ती पद्धत थांबली.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नातला टोचणारा भाग. यहूदा हे करणार हे येशूला माहीत होतं, असं योहान ६ मध्ये स्पष्ट आहे. "मी तुम्हा बारांना निवडलं ना? तरी तुमच्यापैकी एक सैतान आहे." मग माहीत असून त्याच्या तोंडावर राजासनाचं अभिवचन देणं ही फसवणूक नाही का?

याचं जुनं उत्तर जुन्या करारातून येतं. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोमने मत्तयावर प्रवचनं दिली, त्यात त्याने हाच प्रश्न घेतला: यहूदाही बसेल का? मुळीच नाही, असं म्हणून त्याने यिर्मयाच्या १८व्या अध्यायातला कुंभार पुढे केला. तिथे देव म्हणतो, एखाद्या राष्ट्राला मी उभारीन असं बोललो आणि त्याने वाईट केलं, तर बोललेल्या भल्याविषयी मी मन पालटीन. मला स्वतःला एली याजकाचं उदाहरण जास्त थेट वाटतं. १ शमुवेल २:३० मध्ये देव सांगतो की तुझं घराणं माझ्यासमोर सदा चालेल असं मी म्हटलं होतं, पण आता ते होणे नाही; जे माझा आदर करतात त्यांचा मी आदर करीन. शब्द "सदा" होता, तरी त्यात अट गृहीत होती. बायबलमधली अभिवचनं कोर्टातल्या स्टॅम्प पेपरसारखी वाचली तर असे प्रसंग आपल्याला शब्द फिरवल्यासारखे दिसतात. ती नात्यातली बोलणी म्हणून वाचली तर दिसत नाहीत. बापाने मुलाला "हे घर तुझंच" म्हटलं, तेव्हा तू घर जाळणार नाहीस हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

माहीत असण्याबद्दल मात्र मी खात्रीने बोलत नाही. ऐकणाऱ्या बारांत यहूदाला वगळून अकराच म्हटलं असतं तर काय झालं असतं? त्याला त्या दिवशीच उघडं पाडल्यासारखं झालं असतं. येशू तसं करत नाही. अगदी बागेत, मुका घेऊन धरून देताना, मत्तय २६:५० मध्ये येशू त्याला "गड्या" म्हणतो. मूळ ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात मत्तयातच आणि तीनदाच येतो: मळ्यात कुरकुरणाऱ्या मजुराला, लग्नाचा पोशाख न घालता आलेल्या पाहुण्याला, आणि यहूदाला. तिन्ही वेळा समोरचा चुकलेला आहे आणि बोलणारा त्याला अजून आपलाच म्हणून हाक मारतो. मला वाटतं, राजासनाचं अभिवचन यहूदाला खरंच दिलं होतं. खुर्ची खरी होती. म्हणूनच ती सोडणं इतकं भयंकर आहे.

इतिहासाच्या अंगाने वाचणारे अभ्यासक या अडचणीचा उलटा उपयोग करतात. यहूदाचा विश्वासघात सगळ्या मंडळ्यांना माहीत झाल्यावर, त्याच्यासकट बारांना सिंहासनं देणारं वाक्य कुणी नव्याने रचलं नसतं. म्हणून हे वाक्य जुनं, कदाचित थेट येशूचंच, असं ते म्हणतात. तुमच्या सहकाऱ्यांना हा मुद्दा आवडेल.

"न्याय कराल" या शब्दांवर मराठी माणूस नेहमी अडखळतो, कारण आपल्या डोळ्यांसमोर सिव्हिल लाईन्समधलं हायकोर्ट येतं. काळा कोट, आरोपी, शिक्षा. त्यातून असा भयंकर अर्थ निघाला की शेवटी प्रेषित यहूद्यांना दोषी ठरवतील, आणि ख्रिस्ती इतिहासात त्या अर्थाने यहूदी लोकांना फार सोसावं लागलं. पण आपल्याच मराठी बायबलमधल्या एका पुस्तकाचं नाव बघा: शास्ते. हिब्रूत ज्यांना न्याय करणारे म्हटलंय त्यांना मराठी भाषांतरकारांनी "न्यायाधीश" म्हटलं नाही, "शास्ते" म्हटलं. ही निवड फार नेमकी आहे. दबोरा खजुरीखाली बसायची आणि लोक तिच्याकडे निवाड्याला यायचे, पण तीच बाराकाला बोलावून लढाईला पाठवते. सोडवणं, सांभाळणं, तंटा मिटवणं, सगळं एकत्र. यशया १:२६ मध्ये देव म्हणतो की तुझे शास्ते पूर्वीसारखे परत देईन. येशूने या बारांना पहिल्यांदा पाठवलं तेव्हा "इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांकडे जा" म्हटलं होतं, मत्तय १०:६. हरवलेली मेंढरं सापडल्यावर मेंढपाळ त्यांच्यावर खटला भरत नाही. निदान मी हे वचन असं वाचतो. निवाड्याचा धाक त्यात अजिबात नाही असं मात्र म्हणणार नाही, कारण राजासनावर बसणारा मनुष्याचा पुत्र हे चित्र दानीएलाच्या ७व्या अध्यायाच्या जवळचं आहे, आणि तिथे पुस्तकं उघडली जातात.

"पुनरुत्पत्ती" या शब्दाबद्दल एक सूचना, खास तुमच्या सहकाऱ्यांसाठी. बौद्ध वाचकाला इथे पुनर्जन्म दिसू शकतो. एका व्यक्तीने पुन्हा जन्म घेणं असा इथे अर्थ नाही. मूळ ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनदा आहे, इथे आणि तीताच्या पत्रात ३:५ मध्ये. त्या काळी यहूदी इतिहासकार योसेफसने बंदिवासातून परतल्यावर देश पुन्हा उभा राहिला त्याला हा शब्द वापरला, आणि यहूदी तत्त्वज्ञ फिलोने जलप्रलयानंतरच्या जगाला. म्हणजे सगळी घडी पुन्हा बसणं, नवी सुरुवात.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण सहकारी विचारतील: बाकीच्यांचं काय? फक्त बारांनाच राजासन? जुन्या मंडळीतला धर्मगुरू ऑगस्टीन याला हीच अडचण होती. अक्षरशः बाराच धरले तर सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केलेल्या पौलाला जागाच उरत नाही. म्हणून त्याने बारा म्हणजे सगळे असा अर्थ घेतला. त्याची आकडेमोड (तीन आणि चार मिळून सात, तीन गुणिले चार बारा) मला पटत नाही, पण रोख पटतो, कारण पौल १ करिंथ ६:२ मध्ये पवित्र जन जगाचा न्याय करतील म्हणतो आणि प्रकटीकरण ३:२१ मध्ये जिंकणाऱ्या प्रत्येकाला राजासनाचं बोलणं आहे. बारांचं स्थान वेगळं राहतं, नव्या यरुशलेमेच्या पायाच्या बारा दगडांवर त्यांची नावं आहेत. योहानाने ती नावं वाचून दाखवलेली नाहीत, त्यामुळे बाराव्या दगडावर मत्थिया लिहिलंय का, हे शोधायला तिकडे जाऊन उपयोग नाही.

डब्याच्या वेळेत हे सगळं मावणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर तीनच गोष्टी नेल्या असत्या. एक, अभिवचनातच "माझ्यामागे आलेले" अशी ओळख दिलीय आणि त्याच्या दोन ओळी खाली "पहिले शेवटचे होतील" लिहिलंय. दोन, पेत्र, याकोब आणि यहूदा यांच्या तीन खुर्च्या. तीन, शास्ते हा शब्द. आणि त्यांचं समाधान नाही झालं तर वाद वाढवू नका. तुमच्यापेक्षा त्यांनी ते वचन जास्त बारकाईने वाचलंय, हे मान्य करून टाका.

आणखी एक सांगून ठेवतो. त्यांचं वाचन असंच चालू असेल आणि ते मागच्या पानांवर परत गेले, तर पुढचा प्रश्न मत्तय १०:२३ चा येईल, "इस्राएलाची सगळी गावं फिरून होण्याआधी मनुष्याचा पुत्र येईल." तो यापेक्षा बराच अवघड आहे. आला तर कळवा, त्यावर मी अजून स्वतःशीच भांडतोय.